मतदानाची तारीख कोणी ठरवायची?

जपानच्या कनिष्ठ सभागृहासाठी ८ फेब्रुवारी २०२६ रोजी मतदान झाले. संसदेचे नियमित अधिवेशन २३ जानेवारीला सुरू झाले आणि त्याच दिवशी पंतप्रधान सानाए ताकाइची यांनी सभागृह विसर्जित केले. विसर्जन आणि मतदान यांत अवघ्या सोळा दिवसांचे अंतर आहे; दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जपानमध्ये ते इतके कमी कधीच नव्हते. आधीचे सभागृह २७ ऑक्टोबर २०२४ रोजी निवडून आले होते, म्हणजे चार वर्षांच्या मुदतीतले जेमतेम सव्वा वर्ष उलटले होते. या घाईवरून तेथे जो वाद झाला, तो मला चुकीच्या जागी अडकलेला वाटतो. जनतेकडे कौल मागायला जाणे हा गुन्हा आहे काय, असे सरकारपक्ष विचारत होता. विरोधक बर्फाकडे, विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षांकडे आणि रखडणाऱ्या अंदाजपत्रकाकडे बोट दाखवत होते. हे आक्षेप खोटे नाहीत. आओमोरी किंवा निइगाताच्या एखाद्या गावातल्या वृद्धेला छातीइतक्या बर्फातून मतदान केंद्र गाठायला लावणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. पण हीच निवडणूक मे महिन्याच्या प्रसन्न हवेत घेतली असती, तर आक्षेप संपला असता काय? निवडणुकीच्या निकालावर ज्याचे पद अवलंबून आहे, त्यानेच ती कधी व्हावी हे कोणालाही न विचारता ठरवावे, हा मूळ दोष आहे. जपानी पंतप्रधानांचा हा अधिकार राज्यघटनेने स्पष्टपणे दिलेला नाही, सत्तर वर्षांच्या वहिवाटीने तो पक्का झाला आहे आणि आता त्याला मर्यादा घातलीच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

१९४७ पासून अमलात असलेल्या जपानी राज्यघटनेत विसर्जनाचा उल्लेख प्रामुख्याने दोन ठिकाणी येतो. कनिष्ठ सभागृहाने अविश्वास ठराव मंजूर केला किंवा विश्वासाचा ठराव फेटाळला, तर दहा दिवसांत सभागृह विसर्जित करायचे, नाहीतर मंत्रिमंडळाने राजीनामा द्यायचा, असे कलम ६९ सांगते. कलम ७ मध्ये सम्राटाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने करावयाच्या औपचारिक कृत्यांची यादी आहे आणि त्या यादीत कनिष्ठ सभागृहाचे विसर्जनही आहे. सम्राटाला राज्यकारभाराचे कोणतेही अधिकार नाहीत, हे चौथ्या कलमाने आधीच बजावले आहे. तेव्हा औपचारिक कृत्यांच्या यादीतून पंतप्रधानांना वाटेल तेव्हा वापरता येईल असा अधिकार निघतो, हा अर्थ ओढूनताणून काढलेला आहे. आरंभी तो मान्यही नव्हता. १९४८ च्या अखेरीस अल्पमतातले पंतप्रधान शिगेरु योशिदा यांना निवडणूक हवी होती, पण कलम ६९ शिवाय विसर्जन नाही, असे विरोधकांचे आणि ताबा घेऊन बसलेल्या मित्रराष्ट्रांच्या प्रशासनाचे म्हणणे पडले. शेवटी विरोधकांनी अविश्वास ठराव मंजूर करायचा आणि सरकारने त्यावर सभागृह विसर्जित करायचे, अशी ठरवून तडजोड झाली. त्यातले संगनमत उघड होते, तरीही सभागृहाच्या मताशिवाय विसर्जन नाही हे तत्त्व त्या संगनमताने मान्य केले होते.

चार वर्षांनी ते तत्त्व मोडले. एप्रिल १९५२ मध्ये परकीय ताबा संपला आणि २८ ऑगस्टला योशिदा यांनी अचानक, केवळ कलम ७ च्या आधारे, सभागृह विसर्जित केले. सार्वजनिक जीवनातील बंदी उठून परतलेल्या इचिरो हातोयामा यांच्या गटाला, म्हणजे स्वतःच्याच पक्षातील प्रतिस्पर्ध्यांना, तयारीआधी गाफील गाठायचे हा त्यामागचा हेतू होता. देशापुढे त्या आठवड्यात कोणताही नवा प्रश्न उभा राहिला नव्हता. गिझो तोमाबेची या खासदारांनी हे विसर्जन घटनाबाह्य असल्याचे सांगून आपल्या बुडालेल्या वेतनासाठी दावा लावला. खालच्या न्यायालयात ते जिंकले, वरच्या न्यायालयात हरले आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला की, इतक्या राजकीय स्वरूपाच्या शासकीय कृत्याची वैधता तपासणे न्यायालयाच्या कक्षेबाहेर आहे. तो निर्णय सरकार, संसद आणि अखेरीस जनता यांच्यावर सोपवलेला आहे. म्हणजे हा अधिकार वैध आहे असे न्यायालयाने म्हटलेले नाही; त्याने तो प्रश्नच हाती घेतला नाही. तरीही तेव्हापासून विसर्जनाचा आदेश कलम ७ चेच नाव घेऊन निघतो, जेव्हा खरोखर अविश्वास ठराव मंजूर झालेला असतो तेव्हासुद्धा. जांभळ्या रेशमी कापडात गुंडाळलेला तो आदेश सभागृहात येतो, सभापती तो वाचतात आणि त्याच क्षणी खासदारकी गमावलेले सदस्य ‘बान्झाय’चा जयघोष करतात. जनतेने चार वर्षांसाठी निवडलेल्या सभागृहाने आपल्या अकाली अंताचा असा जयजयकार करावा, हे दृश्य मला कधीच आनंदाचे वाटलेले नाही.

२०२६ ची निवडणूक धरून या राज्यघटनेखाली सत्तावीस वेळा विसर्जन झाले आहे. त्यांपैकी अविश्वास ठरावामुळे झालेली विसर्जने फक्त चार: १९४८, १९५३, १९८० आणि १९९३. पूर्ण चार वर्षांची मुदत संपून निवडणूक झाली ती एकदाच, १९७६ मध्ये, ताकेओ मिकी पंतप्रधान असताना. मिकींना विसर्जन हवे होते, पण त्यांच्याच मंत्र्यांनी ते होऊ दिले नाही. कलम ४५ ने दिलेली चार वर्षांची मुदत अशी केवळ कागदावर उरली आहे. हा अधिकार पंतप्रधानांची वंशपरंपरागत तलवार आहे, असे जपानी राजकारणात अभिमानाने म्हटले जाते. तलवार म्यानातून कधी काढायची याचा एकमेव निकष असतो, तो म्हणजे समोरचा केव्हा निःशस्त्र आहे.

आता सरकारपक्षाचे म्हणणे त्याच्या सर्वांत भक्कम रूपात मांडले पाहिजे, कारण त्यात तथ्य आहे. ताकाइची ऑक्टोबर २०२५ मध्ये पंतप्रधान झाल्या त्या सार्वत्रिक निवडणुकीला सामोरे न जाता. त्यांची लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षपदी निवड होताच, १९९९ पासून सोबत असलेल्या कोमेइतो पक्षाने राजकीय देणग्यांवरील निर्बंधांचा मुद्दा पुढे करून आघाडी सोडली आणि त्याची जागा निप्पॉन इशिन या पक्षाने घेतली. २०२४ च्या मतदाराने ज्या आघाडीकडे पाहून मत दिले किंवा नाकारले, ती आघाडीच आज अस्तित्वात नाही. विसर्जनापूर्वी कनिष्ठ सभागृहात सरकारचे बहुमत काठावरचे होते आणि वरिष्ठ सभागृहात ते अल्पमतात होते. अशा वेळी आपण पंतप्रधान राहावे की नाही हे जनतेने सांगावे आणि बहुमत न मिळाल्यास आपण पद सोडू, असे ताकाइची म्हणाल्या. यात प्रामाणिकपणा नाही असे मी म्हणणार नाही. नव्या आघाडीला नवा कौल हवा, ही मागणी कोणत्याही लोकशाहीवाद्याला सहज फेटाळता येणारी नाही.

पण मग हा कौल ऑक्टोबरमध्येच का मागितला गेला नाही? आघाडी बदलली ती तेव्हा. त्यानंतर डिसेंबरपर्यंत पंतप्रधान वारंवार सांगत होत्या की, विसर्जनाचा विचार करायलाही आपल्याला सवड नाही. जानेवारीत कौल अचानक निकडीचा झाला, त्याआधी देशात बदलले काय होते? मंत्रिमंडळाची लोकप्रियता पाहणीमागून पाहणीत चढी राहिली होती आणि पक्षाची लोकप्रियता मात्र तिच्या कितीतरी खाली होती. पुढे संसद चालली असती, तर अंदाजपत्रक समितीत दिवसेंदिवस प्रश्न विचारले गेले असते: १२२ लाख कोटी येनच्या विक्रमी अंदाजपत्रकावर, महागाईवर, तैवानविषयी ७ नोव्हेंबरला संसदेत केलेल्या विधानानंतर चीनशी बिघडलेल्या संबंधांवर. अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी विसर्जन झाल्यामुळे पंतप्रधानांचे धोरणविषयक भाषण झाले नाही आणि पक्षनेत्यांची प्रश्नोत्तरेही झाली नाहीत. मतदाराला ‘निर्णय तुम्ही करा’ असे सांगताना निर्णयासाठी लागणारी चर्चा मात्र त्याच्यासमोर होऊ दिली गेली नाही. कौल मागण्याचा हक्क मान्य केला, तरी तो प्रश्नोत्तरांच्या आधीच मागण्याचा हक्क त्यातून निघत नाही.

याला अगदी जवळचा पूर्वदाखला आहे. जून २०१७ मध्ये विरोधकांनी कलम ५३ नुसार विशेष अधिवेशनाची मागणी केली, कारण तत्कालीन पंतप्रधान शिन्झो आबे यांच्या निकटवर्तीयांशी जोडल्या गेलेल्या दोन शिक्षणसंस्थांच्या प्रकरणांवर त्यांना उत्तरे हवी होती. सरकारने अठ्ठ्याण्णव दिवस अधिवेशन बोलावले नाही. बोलावले ते २८ सप्टेंबरला आणि त्याच दिवशी सभागृह विसर्जित केले. संसदेला राज्यसत्तेचे सर्वोच्च अंग म्हणणाऱ्या राज्यघटनेखाली हे घडले आणि सत्ताधारी आघाडी दोन तृतीयांश बहुमताने परतली. विजय मिळाला म्हणून ती पळवाट योग्य ठरते काय?

जनादेश या शब्दाचा आधार घेणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीचे उत्तर दिले पाहिजे. अवेळी घेतलेल्या निवडणुकीत मतदार ज्या प्रश्नावर मत देतो, त्याच प्रश्नापुरता तो कौल वापरला गेल्याचे फारसे दिसत नाही. १९८६ मध्ये पंतप्रधान यासुहिरो नाकासोने यांनी विसर्जनाचा बेत सोडल्याचे भासवले आणि मग दोन्ही सभागृहांच्या निवडणुका एकाच दिवशी घेऊन प्रचंड बहुमत मिळवले. प्रचारात मोठा अप्रत्यक्ष कर लादणार नाही असे सांगितले आणि पुढच्याच वर्षी विक्रीकराचे विधेयक आणले. लोकक्षोभामुळे ते मागे घ्यावे लागले, हा भाग वेगळा. २०१४ मध्ये आबे यांनी उपभोग कराची वाढ लांबणीवर टाकण्यासाठी कौल मागितला, मतदान ५२.६६ टक्के, म्हणजे तोवरच्या युद्धोत्तर काळातले सर्वांत कमी झाले. आणि त्या बहुमताच्या बळावर २०१५ च्या सप्टेंबरात सामूहिक आत्मसंरक्षणाला, म्हणजे मित्रदेशावरील हल्ल्यालाही लष्करी उत्तर द्यायला, वाट करून देणारे सुरक्षा कायदे मंजूर झाले, ज्यांच्या विरोधात हजारो लोक संसदेबाहेर उभे होते. याला अपवाद म्हणून २००५ ची निवडणूक सांगितली जाते आणि ते मला मान्य आहे. टपालखात्याच्या खासगीकरणाची विधेयके वरिष्ठ सभागृहाने फेटाळल्यावर पंतप्रधान जुनिचिरो कोइझुमी यांनी लोकांपुढे एकच सरळ प्रश्न ठेवला, लोकांनी त्याचे सरळ उत्तर दिले आणि ती विधेयके मंजूर झाली. पण त्या विसर्जनामागे संसदेतला खराखुरा पराभव होता, सर्वांना दिसलेला आणि नोंदला गेलेला. मी ज्या मर्यादेची मागणी करतो आहे, तिच्याजवळ जाणारे हे एक ठळक उदाहरण आहे.

दुसरा बचाव असा की, हा अधिकार काही विजयाची हमी देत नाही. घाई करणारा पुष्कळदा तोंडघशी पडतो आणि मतदार त्याचा हिशेब चुकता करतो. हेही खरे आहे. ताकाइची यांच्या आधीचे पंतप्रधान शिगेरु इशिबा हे कलम ७ च्या मनमानी वापराचे जुने टीकाकार. पक्षाध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते आधी संसदेत चर्चा आणि मग विसर्जन असे सांगत होते. पण १ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधान होताच आठ दिवसांत त्यांनी सभागृह विसर्जित केले आणि त्यांचा पक्ष २४७ जागांवरून १९१ वर आला. ब्रिटनमध्ये २०१७ साली थेरेसा मे यांनी मुदतपूर्व निवडणूक घेऊन हातचे बहुमत गमावले. महाराष्ट्रातही १९९९ मध्ये शिवसेना-भाजप युतीने लोकसभेबरोबर मतदान व्हावे म्हणून विधानसभा सुमारे सहा महिने आधी विसर्जित केली आणि सत्ता गेली. पण डाव अंगाशी आला की नुकसान फक्त डाव टाकणाऱ्याचे होते, हे गृहीत चुकीचे आहे. इशिबांसारखा माणूस खुर्चीत बसताच आपलेच मत बाजूला ठेवतो, यावरून मला तर असे वाटते की दोष व्यक्तींच्या नीतिमत्तेत शोधण्यात अर्थ नाही. पक्ष, सल्लागार आणि पाहण्यांचे आकडे मिळून प्रत्येक पंतप्रधानाला त्याच दिशेने ढकलतात. आणि किंमत मोजावी लागते ती सगळ्या सभागृहाला. सरासरी तीन वर्षांहून कमी काळात निवडणूक येणार असेल, तर खासदाराचे अर्धे लक्ष मतदारसंघात राहणार, दहा वर्षांनी फळ देणारे कोणतेही कडू काम हातात घेतले जाणार नाही. ज्या देशाची लोकसंख्या वर्षानुवर्षे घटते आहे आणि ज्याचे सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीच्याही पुढे गेले आहे, त्याला हे परवडते काय?

विरोधकांनीही या वेळी स्वतःची बाजू दुबळी केली आहे. विसर्जनाची चाहूल लागताच रिक्केन मिन्शुतो म्हणजे घटनावादी लोकशाही पक्ष आणि कोमेइतो यांनी काही दिवसांत एकत्र येऊन योशिहिको नोदा आणि तेत्सुओ साइतो यांच्या संयुक्त नेतृत्वाखाली मध्यममार्गी सुधारणा आघाडी नावाचा नवा पक्ष उभा केला. गणित सरळ आहे: सोका गाक्काई या बौद्ध संघटनेच्या बळावर कोमेइतोकडे मतदारसंघागणिक दहा ते वीस हजार मते असल्याचा अंदाज बांधला जातो आणि एकसदस्यीय मतदारसंघांत आजवर ती लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाच्या पारड्यात पडत होती. पण ज्या पक्षाचा पाया २०१५ च्या सुरक्षा कायद्यांना विरोध करणाऱ्या कार्यकर्त्यांनी घातला, त्याच्या नेत्यांनी तेच कायदे घटनेशी सुसंगत असल्याची भूमिका एका रात्रीत स्वीकारली. २०१५ मध्ये संसदेबाहेर उभा राहिलेला मतदार आज काय समजणार? २०१७ मध्येही असेच झाले होते. विसर्जनाच्या धामधुमीत डेमोक्रॅटिक पक्षाने आपले उमेदवार टोकियोच्या राज्यपाल युरिको कोइके यांच्या नवजात पक्षाकडे पाठवायचे ठरवले, कोइके यांनी त्यांतल्या काहींना सरळ वगळले आणि प्रमुख विरोधी पक्ष मतदानाआधीच फुटला. अचानक विसर्जनाने विरोधक केवळ हरत नाहीत, ते धड विचार करण्याआधी विरघळतात आणि नव्याने जुळतात, आणि मतदारासमोर अर्धवट शिजलेला पर्याय येतो. अर्थात सगळा दोष तारखेवर ढकलता येणार नाही. २०२४ पासून सरकार अल्पमतात होते; ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान निवडताना नोदा आणि दुसऱ्या एका विरोधी पक्षाचे नेते युइचिरो तामाकी यांना एका नावावर एकत्र येता आले नाही, तेव्हा कोणी त्यांना घाई लावलेली नव्हती. आणि २०१२ मध्ये हीच तलवार पंतप्रधान नोदा यांनीही चालवली होती, स्वतःच्या पक्षातल्या अनेकांचा विरोध असताना.

राहतो तो सर्वांत अवघड आक्षेप. विसर्जनाचा अधिकार काढला तर कोंडी फुटणार कशी? ब्रिटनने २०११ मध्ये निश्चित मुदतीचा कायदा केला, २०१९ मध्ये सरकारकडे बहुमत नाही आणि निवडणूकही घेता येत नाही अशी अवस्था आली, आणि २०२२ मध्ये तो कायदा रद्द करण्यात आला. मग जपानने तोच प्रयोग का करावा? हा दाखला नीट तपासला तर वेगळेच दिसते. २०१९ ची कोंडी शेवटी साध्या बहुमताने केलेल्या छोट्या कायद्याने सुटली आणि त्या कायद्यात १२ डिसेंबर ही मतदानाची तारीख लिहिलेली होती. म्हणजे तारीख संसदेने ठरवली. जर्मनीचा मार्ग मला अधिक अनुकरणीय वाटतो. तेथे चान्सेलरला विश्वासाचा ठराव मांडून तो हरावा लागतो आणि नंतर राष्ट्राध्यक्ष विसर्जनाचा निर्णय घेतात. ओलाफ शोल्त्स १६ डिसेंबर २०२४ रोजी ठराव हरले आणि मतदान २३ फेब्रुवारी २०२५ ला झाले. हेल्मुट कोल यांनी १९८२ मध्ये आणि गेरहार्ड श्रोडर यांनी २००५ मध्ये हा ठराव मुद्दाम हरवून घेतला, हे मी नाकारत नाही. पण तेही सभागृहात, मोजलेल्या मतांनी, राष्ट्राध्यक्ष आणि घटना न्यायालय यांच्या नजरेखाली करावे लागले. तेवढी अडचणसुद्धा लहरीपणाला पुष्कळ आवर घालते.

जपानला यासाठी बाहेर पाहण्याचीही गरज नाही. कनिष्ठ सभागृहाचे सभापती शिगेरु होरी यांनी १९७८ मध्ये लिहून ठेवले होते की, अंदाजपत्रक किंवा महत्त्वाचे विधेयक नाकारले गेले, अशा खऱ्या पेचातच कलम ७ चा आधार घ्यावा, पक्षाच्या सोयीसाठी नव्हे. होरी हे लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचेच ज्येष्ठ नेते होते. ही कसोटी साध्या कायद्यानेही बऱ्याच अंशी आणता येईल: विसर्जनाचे कारण सभागृहात मांडून त्यावर किमान चर्चा झाली पाहिजे, आणि विसर्जनापासून मतदानापर्यंत ठरावीक किमान अवधी मिळाला पाहिजे. घटना चाळीस दिवसांच्या आत मतदान घ्या एवढेच सांगते. सोळा दिवसांत घ्या असे ती कोठेही सांगत नाही. एकसदस्यीय मतदारसंघात उभे राहायला तीस लाख येनची अनामत लागते; दोन आठवड्यांत ती उभी करणे, नोकरी सोडणे, कार्यालय थाटणे कोणाला जमते? ज्याच्याकडे आधीच पद, पैसा आणि संघटना आहे, त्यालाच.

आणि या सगळ्यात एक विसंगती मला फार बोचते. लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाने २०१८ मध्ये घटनादुरुस्तीचे जे चार विषय ठरवले, त्यांत आणीबाणीची तरतूद आहे: महाभूकंपासारख्या आपत्तीत निवडणूक घेणे अशक्य झाले, तर खासदारांची मुदत वाढवता यावी, कारण संकटात देश सभागृहाविना राहता कामा नये. ही काळजी रास्त आहे. मग अंदाजपत्रकाच्या तोंडावर, शेजारी राष्ट्राशी संबंध ताणलेले असताना, पक्षाच्या पाहण्या अनुकूल आहेत एवढ्यावर तेच सभागृह रिकामे करण्याची मोकळीक पंतप्रधानांना का असावी? घटनाविषयक आयोगाच्या बैठकांत रिक्केन पक्षाच्या सदस्यांनी विसर्जनाच्या अधिकाराला मर्यादा घालण्याचा मुद्दा यापूर्वी मांडलेला आहे. ८ फेब्रुवारीच्या मतदानानंतर त्यांतले जे सभागृहात परतले, त्यांनी अशी मर्यादा घालणारे विधेयक आणले पाहिजे आणि त्यावर ताकाइची यांच्या पक्षातील होरींच्या वारसांची मतेही मागितली पाहिजेत.